नावाची फेरमोजणी

मी आयुष्यात दोन निवडणुका हरलो. पहिली गावात, ग्रामपंचायतीची. दुसरी आयर्लंडात, मलिंगार नावाच्या गावी, पोराच्या घरात, नातवाच्या नावाची. पहिलीचं दुःख मी कधीच गिळून टाकलं. दुसरीचं अजून घशाशी आहे, म्हणून लिहायला बसलो. शाळा माझी चौथीपर्यंत, तीही ओढून ताणून. पण पिठाची गिरणी चालवून दोन पोरं शिकवली, तेव्हा चार ओळी लिहायला मला कुणाची परवानगी लागत नाही. नावं मात्र मी कुणाचीच लिहिणार नाही. ज्याची त्याला ठाऊक आहेत.

आमचे इवाई, म्हणजे सुनेचे वडील, पुण्याचे. कोर्टात शिरस्तेदार होते. विहीणबाई वारल्यापासून वर्षातले काही महिने लेकीकडं राहायचं, असं त्यांनी ठरवलेलं. सून तिथल्या दवाखान्यात डॉक्टर, पोरगा घरातनंच कंप्युटरवर काम करणारा. मी आणि आमची मंडळी, म्हणजे माझी बायको, दोन हजार वीसच्या फेब्रुवारीत गेलो, तर हा माणूस आमच्या आधीच तिथं खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेला. मार्चात साथीमुळं विमानं बंद झाली. पुढं विमानं सुटायला लागली तोवर सुनेला सातवा महिना लागलेला. पोरगा म्हणाला, "तात्या, आता बाळंतपण उरकूनच जा." मग काय, एका छपराखाली दोन आजे. एका दावणीला दोन बैल बांधावेत तसे.

त्या माणसात वाईट असं काही नव्हतं. तीच तर माझी अडचण होती. संत्रं सोललं तर पांढऱ्या शिरा काढून नातीला एकेक फोड द्यायचे. शेजारची गोरी म्हातारी कुंपणापलीकडनं हवापाण्याचं बोलली की हे "ग्रँड, ग्रँड" म्हणत तिच्याशी अर्धा तास इंग्रजी बोलत उभे. माझ्याकडं बघून ती बाई नुसतं हसायची, लहान मुलाकडं बघून हसतात तसं. नात शाळेतनं आली की दप्तर फेकून थेट त्यांच्या खुर्चीच्या हातावर जाऊन बसायची. ते तिचे "आबा". मी "मिलवाले आजोबा". मराठी तिला सगळी समजायची, पण उत्तर द्यायची इंग्रजीत. ते इंग्रजी आबांना कळायचं, मला कळायचं नाही.

त्यात आमची मंडळी. एक दिवस चहा झाल्यावर म्हणाली, "बघा, पाव्हणं आपली कपबशी आपण धुत्यात."

मी म्हणालो, "कोर्टात तेवढंच काम असल."

माझी कपबशी उचलून तिनं धुतली, पण जरा आपटून.

ऑक्टोबर सरता सरता सुनेला मुलगा झाला. नात शाळेला जायची तेवढीच, बाकी घराबाहेर जायला बंदी, लांब जायचं नाही, कुणी यायचं नाही. आणि लगेच अमेरिकेची निवडणूक. दिवसभर टीव्ही तोच. मतं मोजायला त्यांना दिवसांमागून दिवस लागले. टपालानं आलेली वेगळी, पेटीतली वेगळी. तिथला गादीवरचा अध्यक्ष म्हणत होता, मी हरलेलो नाही, लबाडी झाली, पुन्हा मोजा. इवाई नातीला सगळं समजावून सांगायचे, कुठलं राज्य कुणाकडं, कोर्टात अर्ज कशाचा, न्यायाधीश काय विचारतो. ती त्यांच्या तोंडाकडं बघत बसायची. पोरीनं तेवढं लक्ष देऊन माझ्याकडं कधी बघितलं नव्हतं.

तेव्हा मी ठरवलं की इवाई ज्या बाजूचे, त्याच्या उलट बाजूचा मी. अमेरिकेचं मला काय देणं घेणं? पण मी म्हणालो, "त्याला फेरमोजणी मागायचा हक्क हाय."

"हक्क आहे ना, व्याहीबुवा," इवाई म्हणाले. "कोण नाही म्हणतंय? पण कोर्टात नुसतं 'लबाडी झाली' म्हणून भागत नाही. पुरावा दाखवावा लागतो."

"हरणाऱ्याकडं पुरावा कुठनं येणार? पेटी तर जिंकणाऱ्याच्या ताब्यात."

"पेटी दोघांच्याही ताब्यात नसते. म्हणून तर मोजणारे तिसरे असतात."

नात हसली आणि म्हणाली, "युअर मॅन इज रेजिंग!"

मी पोराला विचारलं, काय म्हणाली? तो म्हणाला, "तात्या, इथं कुणाही माणसाला 'युअर मॅन' म्हणतात. टीव्हीतला तो माणूस चिडलाय, एवढंच."

"माझाच म्हणाली ना? असू दे. माझाच."

चिडायचं कारण मला ठाऊक होतं. गावात मी उभा राहिलो तेव्हा मला आणि समोरच्याला सारखी मतं पडली होती. सारखी पडली की आमच्याकडं चिठ्ठी टाकतात. अंगणवाडीतल्या एका पोरीला उचलून टेबलावर उभं केलं, तिनं डब्यात हात घातला आणि समोरच्याचं नाव काढलं. माझं शेंबूड पुसून घरी जायचं राहिलं तेवढं. पाच वर्षं तो सदस्य आणि मी गिरणीवाला. तेव्हापासून चिठ्ठी म्हटली की माझं डोकं उठतं.

आता नावाचं सांगतो. पोराचा मुलगा झाला की माझ्या वडिलांचं नाव ठेवायचं, हे मी पोराच्या लग्नात मांडवात बोललो होतो. आधी मुलगी झाली, तेव्हा गप्प बसलो. आता मुलगा झाला. माझे वडील दगड फोडायचे. त्यांचं नाव गावात कुठं कोरलेलं नाही, एका फोटोमागंसुद्धा नाही, कारण फोटोच काढला नाही. गिरणीच्या पाटीवर मी त्यांचं नाव घातलं होतं, ती पाटीही रस्ता रुंद झाला तेव्हा गेली. नातवाला ते नाव लागलं की निदान एका माणसाच्या अंगावर ते चालत फिरत राहील, एवढीच माझी इच्छा.

आणि इवायांनी एक दिवस जेवताना सहज म्हणावं तसं एक नाव सांगितलं. दोन अक्षरी, गुळगुळीत, कुठल्याशा स्तोत्रातलं. सुनेचे डोळे चमकले. "पप्पा, किती छान!" गोऱ्यांनाही उच्चारता येईल म्हणे. माझ्या वडिलांच्या नावात एक जोडाक्षर आणि एक ळ, ते गोऱ्यांच्या जिभेवर कसं बसायचं? मी ताटावरनं उठलो. बारसं तेराव्या दिवशी व्हायचं ते लांबलं. जन्माची नोंद करायला इथं मुदत असते, असं पोरगा रोज म्हणायचा आणि माझ्याकडं न बघता म्हणायचा.

मग नातीनं तोड काढली. तिच्या बाईंनी शाळेत इथल्या मतदानाची रीत शिकवली होती. इथं एकावर शिक्का मारून मोकळं होत नाहीत. जितकी नावं तितके आकडे घालायचे, पहिली पसंती, दुसरी, तिसरी. निम्म्याहून जास्त कुणालाच मिळाली नाहीत तर सगळ्यात मागचा बाद, आणि त्याच्या मतांवर दुसरी पसंती कुणाची, त्याला ती मतं जायची. मला ही रीत पटली नाही. हरलेल्याचं मत दुसऱ्याच्या पदरात कसं पडतं? पण मी हिशेब केला. घरात मत देणारे सहा. मी, आमची मंडळी, पोरगा, ही तीन माझी. इवाई आणि सून ती दोन त्यांची. नातीनं स्वतःचं तिसरंच एक नाव उभं केलं होतं, तिच्या वर्गातल्या कुणा पोराचं, आयरिश. ते एक. तीन, दोन, एक. मी म्हणालो, "चालंल. घ्या मतदान."

पोरानं कागदाचे तुकडे केले. बिस्किटाच्या डब्यात टाकले. आमच्या मंडळींना आकडे येतात, अक्षरं येत नाहीत, म्हणून तीन नावांपुढं नातीनं तीन चित्रं काढली. माझ्या नावापुढं गिरणी, इवायांच्या नावापुढं चष्मा, तिच्या नावापुढं फुटबॉल. ग्रामपंचायतीत चिन्हं असतात तशी. मला बरं वाटलं, रिवाजाला धरून झालं.

मोजणी नातीनंच केली, सगळ्यांसमोर, सोफ्यापुढच्या मेजावर. गिरणी तीन, चष्मा दोन, फुटबॉल एक. मी इवायांकडं बघितलं. ते शांत. मग फुटबॉल बाद झाला, आणि त्या कागदावर दुसरी पसंती चष्म्याला होती. तीन आणि तीन.

"पुन्हा मोज," मी म्हणालो.

तिनं पुन्हा मोजली. तेच.

"आणखी एकदा."

"तात्या," पोरगा म्हणाला, "सहाच कागद आहेत."

"अमेरिकेत लाखांनी हायत, तरी पुन्हा मोजत्यात ना? मग हितं सहा मोजायला काय हात दुखत्यात?"

तिसऱ्यांदाही तेच. टीव्हीत त्याच वेळी कुठल्याशा राज्यात हातानं पुन्हा मोजणी चालली होती, तिथंही निकाल बदलत नव्हता. इवाई म्हणाले, "समसमान झालं की आपल्याकडं चिठ्ठी टाकतात. बाळाच्याच मुठीशी दोन चिठ्ठ्या धरू या, जी पकडेल ती."

चिठ्ठीचं नाव काढल्यावर माझं टाळकं सरकलं. त्यांना माझ्या ग्रामपंचायतीचं ठाऊक नव्हतं, पण मला वाटलं मुद्दाम बोलले. मी म्हणालो, "चिठ्ठी न्हाई, कागद न्हाई. उघड मतदान. हात वर करा. माझ्या वडलांच्या नावाला कोण कोण?"

आणि मी माझा हात वर केला.

पोरानं केला. जरा उशिरा, पण केला.

तिसरा हात खिडकीजवळच्या खुर्चीतनं वर आला. इवायांचा.

आमची मंडळी पदराच्या टोकाशी खेळत मान खाली घालून बसली होती. तिचे दोन्ही हात मांडीत.

सून बापाकडं बघत राहिली. बाळ आत रडायला लागलं म्हणून ती उठली, तेवढा आवाज. मी विचारलं, "हात दुखतोय का गं तुझा?"

"न्हाई," ती म्हणाली.

मी कोट चढवला आणि कालव्याकडं गेलो. घरामागनं जुना कालवा जातो, त्याच्या काठानं फिरायला तेवढी मुभा होती. पाऊस नव्हता, पण हवेतच पाणी होतं. थोड्या वेळानं मागनं पावलं आली. इवाई माझा मफलर घेऊन आले होते. तोही त्यांनीच आणायचा! मी घेतला नाही. मग थंडी वाजायला लागली तेव्हा घेतला.

"तुम्ही माझ्या नावाला हात का केलात?" मी विचारलं. "तुमचं नाव तुम्हीच पाडता?"

"नाव मी सुचवलं, हट्ट कुठं धरला?" ते म्हणाले. "मुलगी हरखून गेली म्हणून मी गप्प बसलो. तुमचं म्हणणं रास्त आहे. वडिलांचं नाव चालावं असं कुणालाही वाटेल."

"खरं बोला. कोर्टातलं नको."

ते हसले. "खरं सांगू? तुम्ही हरलात तर मला तुमच्यासोबत याच घरात राहायचंय, व्याहीबुवा. माझं तिकीट लांब आहे."

मी हसलो नाही. आतनं जळालो. आजवर मला त्यांच्या इंग्रजीचा हेवा होता, नातीचा होता, खुर्चीचा होता. आता त्यांच्या मोठ्या मनाचाही हेवा करायची पाळी आली. डब्यातलं गिरणीचं तिसरं मतही त्यांचंच निघालं. माणूस मला न विचारता माझ्यावर उपकार करून बसला, आणि माझ्या घरच्या बाईनं मत दिलं ते त्यांच्या नावाला. परत येईपर्यंत मी एकच विचार केला. खालच्या कोर्टात बरोबरी झाली, वरचं कोर्ट अजून आहे.

आमच्यात नाव ठेवायचा मान आत्याचा. आई बापांनी ठरवलेलं असो की आज्यानं, बाळाच्या कानात नाव सांगणार ती आत्या. तिनं सांगितलं ते नाव. माझी लेक मिरजेला असते. ती माझीच. लहानपणी गिरणीत पिठानं पांढरी होऊन माझ्या मांडीवर झोपायची. तिच्यापुढं माझा दावा हरायची भीती मला नव्हती. पोराला सांगितलं, "लाव फोन. आत्या काय म्हणल ते मला मान्य. लेखी पायजे तर लेखी देतो."

इवाई म्हणाले, "उत्तम. अधिकार तिचाच."

दुसऱ्या दिवशी दुपारी टीव्हीवरच तिला लावली. अमेरिका बंद, मिरज चालू. जिथं दिवसभर न्यायाधीशांच्या बातम्या यायच्या, तिथं माझ्या लेकीचं तोंड, मागं तिच्या स्वयंपाकघरातली मांडणी. मी उभा राहून बोललो. वडील काय होते, पाटी कशी गेली, मांडवात मी काय बोललो होतो, सगळं. लेक ऐकत होती. मग म्हणाली, "तात्या, तुमचं झालं? बसा आता. आई, तू पुढं ये."

आमची मंडळी पुढं सरकली.

"तू तात्यांना मत दिलं नाहीस म्हणे. का गं?"

"आगं, का म्हंजे?" ती पदर सारखा करत म्हणाली. "मामंजींचं नाव हाय त्ये. मी सासऱ्याचं नाव तोंडात घिऊ? आजवर घेतलं न्हाई. पोरगं पाळण्यात रडाय लागलं तर काय म्हणून हाक मारू त्याला? 'अहो मामंजी, दूध प्या' म्हणू?"

लेक हसली. सून हसली. नातीला कुणी इंग्रजीत सांगावं लागलं नाही, तीही हसली. पोरगा तोंड फिरवून भिंतीकडं बघत होता.

मी हसलो नाही. मला हे कसं सुचलं नव्हतं? माझ्या आईनं माझ्या आज्याचं नाव कधी घेतलं नाही. माझ्या चुलतभावाला आज्याचं नाव ठेवलं होतं, तर चुलती त्याला जन्मभर 'बापू' म्हणत मेली. घरात बायका नाव घेत नाहीत, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण नाव ठेवताना बाप्याच्या डोक्यात बाप्याचीच हाक असते.

"बोलली न्हाईस आधी," मी म्हणालो.

"तुम्ही इचारलं कधी? तुम्ही म्हणालात, माझी तीन मतं. त्यात माझं एक धरून टाकलं."

लेक म्हणाली, "तात्या, बाळ वर्षभर कुणाच्या हातात राहणार? आपल्या आईच्याच. तिला हाक मारता येत नाही ते नाव मी त्याच्या कानात सांगणार नाही. चष्म्याचं नाव."

"ही माझी लेक," मी म्हणालो.

"म्हणून तर सांगितलं," ती म्हणाली. "दुसरं कोण सांगणार तुम्हाला?"

मी म्हणालो होतो मान्य, लेखीसुद्धा देतो म्हणालो होतो. आता अमेरिकेतल्या त्या माणसासारखं कोर्टालाच नावं ठेवायला मी मोकळा होतो, आणि थोडी ठेवलीही, मनात. इवाई तोंडानं काही बोलले नाहीत. बोलले असते तर मला बरं झालं असतं, भांडता आलं असतं.

बारसं रविवारी केलं. बाहेरचं कुणी येऊ शकत नव्हतं. पाळणा नव्हताच, बाळाची वेताची टोपली होती, ती दोन खुर्च्यांच्या मध्ये सुनेच्या साडीनं टांगली. पोरानं टांगली आणि इवायांनी गाठ तपासली, मी ती पुन्हा तपासली. घुगऱ्या आमच्या मंडळींनी केल्या, तिकडच्या दुकानातल्या हरभऱ्याच्या. आता बाळ पाळण्यावरनं खालनं द्यायचं घ्यायचं, 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' म्हणत, तर त्याला दोन बायका लागतात. सून बाळंतीण, ती पाटावर बसलेली. एका बाजूला आमची मंडळी उभी राहिली, दुसऱ्या बाजूला कोण?

सगळ्यांनी इवायांकडं बघितलं. मी बघितलं सगळे त्यांच्याकडं बघतायत ते. त्यांचे हात पुढं यायला लागले होते.

आमची मंडळी म्हणाली, "तुम्ही या हिकडं."

ती मला म्हणाली होती. मी गेलो. खाली वाकताना गुडघा वाजला, पण वाकलो. टोपलीखालनं बाळ तिनं माझ्या हातात दिलं, वरनं मी तिच्या हातात दिलं, शेवटच्या फेरीला ते माझ्याकडंच राहिलं. किती हलकं होतं. डोकं माझ्या मनगटावर टेकलं तेव्हा ते माझ्या वडिलांसारखं दिसतं का हे मी बघून घेतलं. दिसत नव्हतं. सुनेवर गेलंय, म्हणजे इवायांवर.

पोरानं फोन बाळाच्या कानाशी धरला. मिरजेतनं लेकीनं नाव सांगितलं आणि 'कुर्रर्र' केलं. नात टोपलीभोवती उड्या मारत 'कुर्रर्र' ओरडली, ते तिनं मराठीत ओरडलं की इंग्रजीत ते देवाला ठाऊक. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत, माझ्या हातात बाळ होतं.

मग आमच्या मंडळींनी बाळ घेतलं आणि नावानं हाक मारली. एकदा नाही. खिडकीपाशी नेऊन मारली, दिव्यापाशी नेऊन मारली, त्याच्या तळपायाला नाक लावून मारली. ते दोन अक्षरी नाव, गुळगुळीत. तिच्या तोंडात इतकं गोड वाटेल असं मला वाटलं नव्हतं. लग्न झाल्यापासनं तिनं माझ्या घरातल्या एकाही मोठ्या पुरुषाचं नाव घेतलेलं मी ऐकलेलं नाही. माझं तर उखाण्यातसुद्धा तिनं लाजत, पुटपुटत घेतलं होतं, कुणाला ऐकू गेलं नाही, मलाही नाही.

इवाई माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. "आवाज किती मोकळा आहे हो वहिनींचा," ते म्हणाले.

त्या दिवशी पहिल्यांदाच माझं त्यांच्याकडं लक्ष नव्हतं. माझ्या बायकोच्या तोंडून नाव ऐकणाऱ्या त्या तांबड्या, डोळे मिटलेल्या पोराकडं मी बघत होतो आणि मला त्याचा हेवा वाटत होता.